कंसातलं नाव : सॅम कुक आणि गाण्याची मालकी

आज आपण सॅम कुकबद्दल बोलणार आहोत. सोल संगीतातला पहिला मोठा गायक असं त्याच्याबद्दल म्हटलं जातं आणि ते बहुतेकांना मान्यही आहे, त्यामुळे तो किती मोठा होता हे सिद्ध करण्यात आपण वेळ घालवणार नाही. त्याच्या आवाजाबद्दल शब्दांत सांगण्यासारखं फार कमी आहे. ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी घरी गेल्यावर ऐकावा. आपण सुरुवात करू ती कागदाच्या एका गोल तुकड्यापासून.

जुन्या तबकडीच्या मधोमध चिकटवलेला कागद आठवतोय ना? त्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि कुठेतरी बारीक अक्षरांत, कंसात, आणखी एक नाव असायचं. ते गाणं रचणाऱ्याचं. त्याच्या आसपास एका प्रकाशन कंपनीचं नाव. बहुतेक लोक ते कधी वाचत नाहीत. सप्टेंबर १९५७ मध्ये 'यू सेंड मी' हे गाणं बाजारात आलं आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, तेही कृष्णवर्णीयांच्या आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत. तबकडीवर गायक म्हणून नाव होतं सॅम कुकचं. कंसात नाव होतं एल. सी. कुक. हा सॅमचा धाकटा भाऊ. आणि गाणं तर सॅमचं होतं! मग आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश समोर असताना त्याने स्वतःचं नाव त्या कंसातून का काढलं?

याचं उत्तर द्यायचं तर आधी थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एका तबकडीत दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे ध्वनिमुद्रण, गायकाने स्टुडिओत गायलेलं. दुसरी म्हणजे रचना, शब्द आणि चाल. गायकाला ध्वनिमुद्रणावर विक्रीचे काही टक्के मिळायचे, पण कधी? स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे आणि गायकाने घेतलेली उचल हे सगळं वळतं करून झाल्यावर. आपल्याकडे ऊसतोड कामगाराची उचल कशी फिटता फिटत नाही, तसाच हा प्रकार. रचनेचं मात्र वेगळं होतं. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने प्रत्येक तबकडीमागे एका गाण्याला दोन सेंट असा दर ठरवून दिला होता आणि तो १९७८ पर्यंत तसाच राहिला. हे दोन सेंट साधारणपणे रचनाकार आणि प्रकाशक निम्मे-निम्मे वाटून घेत. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर. शिवाय रेडिओ. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, आणि गायकाला काही नाही. ही गोष्ट आजही तशीच आहे, जुन्या काळातली म्हणून सोडून देऊ नका.

तेव्हा कंसातलं नाव म्हणजे काय, हे लक्षात आलं असेल. गायकाचा आवाज एकदा विकला जायचा. कंसात ज्याचं नाव, त्याच्याकडे पैसे येत राहायचे. आणि कृष्णवर्णीय गायकांच्या बाबतीत ते नाव पुष्कळदा तबकडी कंपनीच्या मालकाचं, नाही तर गाणं वाजवायचं कबूल करणाऱ्या रेडिओ निवेदकाचं असायचं.

आता सॅमकडे वळू. जन्म २२ जानेवारी १९३१, मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. कापसाचा प्रदेश. ब्लूज ऐकणाऱ्यांना हे गाव माहीत असणारच. वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक. १९३३ मध्ये त्यांनी कुटुंब शिकागोला हलवलं. त्या दशकांत दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते, त्यातलंच हे एक घर. आठ मुलं. त्यातल्या काहींना घेऊन वडिलांनी गाणाऱ्या मुलांचा एक चमू केला आणि चर्चमध्ये उभा केला. सॅमला तिथे गळा सापडला. किशोरवयात तो 'हायवे क्यूसीज' नावाच्या गॉस्पेल चमूत गाऊ लागला. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत, पण शांत बसून ऐकायचं नव्हे. गायकाने लोकांना उठवायचं, लोकांनी गायकाला उत्तर द्यायचं. रंगलेल्या कीर्तनात बुवांनी टाळ्या मागाव्यात आणि सगळा मंडप उभा राहावा, तशी कल्पना करा.

शिकागोत 'सोल स्टिरर्स' हा त्या काळचा फार मोठा चमू. त्याचा मुख्य गायक आर. एच. हॅरिस १९५० मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी एकोणीस-वीस वर्षांचा सॅम आला. ही जागा सोपी नव्हती. गॉस्पेलच्या कार्यक्रमांत चमूंची रीतसर चढाओढ चालायची. कोण लोकांना जास्त रडवतो, कोण किती बायकांना मूर्च्छा आणतो! सॅमचा आवाज मऊ, इतरांसारखा गर्जणारा नाही. सुरुवातीला त्याने ओरडून पाहिलं, ते जमलं नाही. सहकारी सांगत की, एकदा वरचा सूर हाताशी येईना तेव्हा त्याने तो पकडण्याऐवजी त्याच्याभोवती एक हेलकावा घेतला आणि खाली उतरला. ही हकीकत नंतर रंगवली गेली असेल, पण तो हेलकावा खरा आहे. पुढे आयुष्यभर त्याच्या गाण्यात तो राहिला.

मार्च १९५१ मध्ये सोल स्टिरर्स लॉस एंजेलिसला 'स्पेशल्टी' कंपनीच्या स्टुडिओत गेले. मालक आर्ट रूप. हॅरिस येणार म्हणून तो वाट पाहत होता, आणि समोर हा पोरगा. त्या दिवशी 'जीझस गेव्ह मी वॉटर' ध्वनिमुद्रित झालं. हेच गीत त्याच कंपनीच्या 'पिलग्रिम ट्रॅव्हलर्स' या दुसऱ्या चमूने आधी करून ठेवलेलं होतं, म्हणून रूप नाखूश होता. पण सॅमचीच तबकडी जोरात चालली. पिलग्रिम ट्रॅव्हलर्समधल्या एका माणसाचं नाव लक्षात ठेवा. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर. तो पुढे परत येणार आहे.

१९५६ ची एक आठवण सांगून हा भाग संपवू. ध्वनिमुद्रणाला जाताना सॅमकडे नवं गीत नव्हतं. त्याने गाडीतच बायबल उघडलं, येशूच्या वस्त्राच्या काठाला स्पर्श करून बरी झालेल्या बाईची कथा काढली आणि तिथल्या तिथे तिचं गीत केलं, असं सोबत्यांनी सांगितलं आहे. 'टच द हेम ऑफ हिज गारमेंट' ते हेच. साधी गोष्ट, साधे शब्द, आणि ऐकणारा त्या बाईच्या जागी जाऊन उभा राहतो. सॅम गायक म्हणून मोठा होताच, पण रचनाकार म्हणून तो काय करू शकतो ते इथे दिसलं. आम्हाला विचाराल तर त्याच्या पुढच्या अनेक गाजलेल्या प्रेमगीतांपेक्षा हे उजवं आहे.

गॉस्पेलमधला एवढा लाडका गायक प्रेमगीतं गाणार म्हणजे धर्म सोडण्यासारखंच होतं. म्हणून पहिलं पाऊल चोरपावलांनी पडलं. डिसेंबर १९५६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याने 'लव्हेबल' नावाचं गाणं केलं. ती त्याच्याच एका गॉस्पेल गीताची फिरवलेली आवृत्ती होती, देवाच्या जागी प्रेयसी. तबकडीवर नाव छापलं 'डेल कुक'. कोणी फसलं नाही. त्या हेलकाव्याला टोपणनाव कसं लावणार?

मग १ जून १९५७. लॉस एंजेलिस. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल स्टुडिओत सॅमचं ध्वनिमुद्रण करत होता आणि साथीला गोऱ्या गायिकांचा वृंद होता. आर्ट रूप अचानक आला आणि भडकला. त्याच्या मते त्या गोडगुलाबी साथीमुळे ना चर्चचे लोक घेणार, ना नाचणारे. भांडण झालं. शेवटी तोडगा असा निघाला की ब्लॅकवेलने रूपकडून येणं असलेले आपले पैसे सोडायचे आणि बदल्यात सॅमचा करार आणि त्या दिवशीच्या ध्वनिफिती घेऊन जायचं. रूपला वाटलं, बरा सौदा झाला. त्या फितींत 'यू सेंड मी' होतं.

ते 'कीन' नावाच्या अगदी नव्या कंपनीने काढलं. तेही तबकडीच्या दुसऱ्या बाजूला! पहिल्या बाजूला गर्श्विनचं 'समरटाइम' होतं. निवेदकांनी तबकडी उलटी करून वाजवली, आणि दहा लाखांहून जास्त खपली.

आता कंसाचं कोडं सुटतं. स्पेशल्टीबरोबरच्या जुन्या करारामुळे सॅमच्या रचनांवर रूपची प्रकाशन कंपनी हक्क सांगू शकत होती. सॅमने ती रचना भावाच्या नावावर टाकली. घरचे पैसे घरात राहावेत म्हणून. हे कायद्याला धरून होतं का? फारसं नाही. पण छब्बीस वर्षांच्या त्या मुलाला तबकडीच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कळलं होतं, आणि ते त्याला कोणी शाळेत शिकवलेलं नव्हतं. याच सुमारास त्याने आपल्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक जास्तीचं अक्षरही जोडलं. उच्चार तोच, पण छापील नाव नवं.

३ नोव्हेंबर १९५७ ला तो एड सुलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात आला. गाणं सुरू झालं आणि वेळ संपली म्हणून प्रक्षेपण तोडलं गेलं. प्रेक्षकांनी इतकी ओरड केली की १ डिसेंबरला त्याला पुन्हा बोलवावं लागलं. त्यानंतर मार्च १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कोपाकबाना' या गोऱ्या उच्चभ्रू नाइटक्लबात तो गायला आणि साफ पडला. त्या जागेला लागणारी तयारीच नव्हती. हे अपयश त्याने मनात जपून ठेवलं.

आता जे. डब्ल्यू. अलेक्झांडर. गॉस्पेलमधला वडीलधारा माणूस, आणि धंद्याचा अभ्यास केलेला. त्याने स्वतःची छोटी प्रकाशन कंपनी काढलेली होती. 'कॅग्ज म्युझिक' हे तिचं नाव. सॅम त्यात भागीदार झाला. मग १९५९ मध्ये दोघांनी सोल स्टिरर्सच्या रॉय क्रेनला घेऊन तबकडी कंपनी काढली, 'एस.ए.आर.'. सॅम, अलेक्स, रॉय. गाजत असलेल्या गायकाने स्वतःची कंपनी काढून तीत दुसऱ्यांना गायला लावावं, आणि तोही कृष्णवर्णीय गायक, ही त्या काळात जवळपास न घडणारी गोष्ट. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने पुढे 'मोटाउन' म्हणून गाजलेली कंपनी सुरू केली तीही याच वर्षी, पण गॉर्डी गायक नव्हता.

इकडे 'कीन'कडून पैसे वेळेवर येईनात. सॅम कोर्टात गेला, कंपनी सोडली आणि जानेवारी १९६० मध्ये 'आरसीए'सारख्या बड्या कंपनीशी करार केला. तो गेल्यावर 'कीन'ने पडून असलेलं एक गाणं काढलं, 'वंडरफुल वर्ल्ड'. शाळेतला अभ्यास येत नाही पण प्रेम येतं, अशा अर्थाचं ते गोड गाणं. लू अ‍ॅडलर आणि हर्ब आल्पर्ट या दोघांबरोबर सॅमने केलेलं. त्याच्या कंसात बघा, नाव आहे बार्बरा कॅम्पबेल. हे सॅमच्या बायकोचं माहेरचं नाव! आधी भाऊ, मग बायको. मालकी लपवत लपवत टिकवायची, हा एक टप्पा.

पुढचा टप्पा उघड मालकीचा. 'आरसीए'मध्ये 'चेन गँग' आलं, रस्त्यावर बेड्या घालून राबणारे कैदी पाहून सुचलेलं. मग 'क्युपिड', 'ट्विस्टिन द नाइट अवे', 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'. या शेवटच्या गाण्यात मागून जो दुसरा आवाज उत्तर देतो तो लू रॉल्सचा. दोघं शिकागोच्या गॉस्पेलमधले जुने मित्र. म्हणजे शब्द प्रियेला उद्देशून असले तरी हाक आणि प्रतिसाद थेट चर्चमधले. सोल म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर व्याख्या देण्यापेक्षा हे गाणं ऐकवावं. आणि आता तबकडीवर नाव सॅमचं, प्रकाशन कॅग्जचं.

'एस.ए.आर.'चं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लीव्हलंडचे वोमॅक बंधू गॉस्पेल गाणारे. सॅमने त्यांना प्रेमगीतांकडे वळवलं, नाव दिलं 'व्हॅलेंटिनोज'. १९६४ मध्ये त्यांचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' निघालं. त्याच वर्षी इंग्लंडचे 'रोलिंग स्टोन्स' अमेरिकेत आले, त्यांनी ते उचललं आणि इंग्लंडमध्ये ते त्यांचं पहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं. रचनाकार बॉबी वोमॅक संतापला होता. गोऱ्या पोरांनी आमचं गाणं का गावं? नंतर स्वामित्वधनाचा धनादेश आला. वोमॅक स्वतःच पुढे सांगत असे की त्यानंतर त्यांनी आपली कोणतीही गाणी घ्यावीत असं त्याला वाटू लागलं. रचनेची मालकी म्हणजे काय, हे सॅमने त्याला वर्गात बसवून शिकवलं असतं तरी इतकं कळलं नसतं.

हे सगळं चालू असताना देश कोणता होता, ते विसरू नका. दक्षिणेत कार्यक्रम असला की हॉटेल मिळत नसे, सभागृहात मधोमध दोरी असे, नाही तर एका वंशाचे लोक वर आणि दुसरे खाली. मे १९६१ मध्ये मेम्फिसला अशी विभागलेली बैठक आहे म्हटल्यावर सॅम आणि क्लाइड मॅकफॅटर या दोघांनी गायला नकार दिला. पैसे बुडाले. आपल्याला सॅम कुक हसतमुख, गुळगुळीत, सगळ्यांना आवडेल असा गायक म्हणून सांगितला जातो, त्यात हा नकार सहसा येत नाही.

आणखी एक जागा. १२ जानेवारी १९६३, मायामीच्या कृष्णवर्णीय वस्तीतला 'हार्लेम स्क्वेअर क्लब'. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन, समोर आपले लोक. 'आरसीए'ने ध्वनिमुद्रण केलं आणि ऐकून कपाटात ठेवून दिलं. गोऱ्या ग्राहकांना ओळखीचा असलेला सॅम हा नव्हता. आवाज खरखरीत, प्रेक्षक अंगावर आल्यासारखे, गाणी फाडून काढलेली. ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं १९८५ मध्ये, बावीस वर्षांनी. स्वतःची प्रकाशन कंपनी असूनही स्टुडिओतल्या फितींचं काय करायचं हे दुसराच कोणी ठरवतो, ही अडचण इथे स्पष्ट दिसते. कंसातलं नाव पुरेसं नव्हतं.

म्हणूनच १९६३ मध्ये अ‍ॅलन क्लाईन आला. न्यूयॉर्कचा हिशेबनीस. त्याची ख्याती अशी की तबकडी कंपन्यांची वही उघडायची आणि कलाकाराचे बुडवलेले पैसे शोधून काढायचे. त्याने 'आरसीए'ची वही उघडायला लावली, पैसे काढले, आणि नवा करार घडवला. ट्रेसी लिमिटेड नावाची कंपनी स्थापन झाली. सॅमच्या मुलीच्या नावावरून. यापुढे सॅमची ध्वनिमुद्रणं ट्रेसी करणार, फितींची मालकी ट्रेसीची, 'आरसीए' फक्त ठरावीक वर्षं विकणार. त्या काळात असं कोणाला मिळत होतं? इथवर ऐकून वाटेल, जिंकला. फक्त एक गोष्ट होती. कागदावर ट्रेसीचा मालक क्लाईन होता. कर वाचवण्याच्या दृष्टीने बसवलेली ती रचना होती. सॅमला त्याचा पुरता अर्थ कळला होता का, यावर चरित्रकारांत आजही चर्चा चालते.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये सॅमचा दीड वर्षांचा मुलगा व्हिन्सेंट घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला होता. यावर जास्त बोलत नाही. पण तो काळ समजून घेताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

मग ८ ऑक्टोबर १९६३, लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट. सॅमने हॉलिडे इनमध्ये आधीच फोनवरून खोल्या घेतल्या होत्या. प्रत्यक्ष पोचल्यावर चेहरे पाहून कारकुनाने सांगितलं, जागा नाही. सॅम हटेना. बार्बरा घाबरली, हे लोक मारून टाकतील म्हणून त्याला ओढू लागली. शेवटी मंडळी गाड्यांचे भोंगे वाजवत निघाली आणि गावातल्या कृष्णवर्णीयांच्या हॉटेलवर गेली. तिथे पोलीस वाट पाहत होते. शांतताभंगाचा आरोप, अटक. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली. गावाच्या महापौरांनी याबद्दल माफी मागितली ती २०१९ मध्ये.

बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' त्या वर्षी सगळीकडे वाजत होतं. सॅमला ते आवडलं आणि टोचलंही. हे गाणं एका गोऱ्या मुलाने लिहावं आणि आपण लिहू नये? डिसेंबरच्या सुमारास 'अ चेंज इज गॉना कम' तयार झालं. ३० जानेवारी १९६४ ला ध्वनिमुद्रण झालं. संयोजन रेने हॉलचं. तंतुवाद्यं, फ्रेंच हॉर्न, टिंपनी, जणू चित्रपटाला पार्श्वसंगीत द्यायचं आहे. इतका मोठा वाद्यवृंद पाहून नेहमीचा ड्रमवादक नियंत्रण कक्षातून बाहेरच येईना, म्हणून आयत्या वेळी अर्ल पामर बसला अशीही हकीकत आहे. गाण्यात ना प्रेयसी, ना नाच. नदीकाठचा जन्म, दारोदार मिळालेला नकार, मरणाची भीती, आणि तरी बदल येईल ही आशा. ती आशाही सहज आलेली नाही, ऐकताना ती खेचून आणलेली जाणवते.

७ फेब्रुवारी १९६४ ला क्लाईनच्या आग्रहाने त्याने ते 'टुनाइट शो'मध्ये गायलं. त्या कार्यक्रमाची फीत आज उपलब्ध नाही. दोनच दिवसांनी बीटल्स एड सुलिव्हनकडे आले आणि देशाला दुसरं काही सुचेनासं झालं. सॅमने ते गाणं मंचावर फारसं गायलंच नाही. वाद्यवृंद नसतो हे एक कारण. दुसरं कदाचित असं की ते गाणं त्याला स्वतःलाच झेपत नसावं. हा आमचा अंदाज.

फेब्रुवारीच्या शेवटी मायामीत कॅशियस क्लेने सॉनी लिस्टनला हरवलं तेव्हा सॅम तिथे होता. क्लेने त्याला रिंगमध्ये बोलावून घेतलं आणि जगातला सगळ्यात थोर गायक म्हणून ओळख करून दिली. माल्कम एक्सही त्या दिवसांत तिथेच होता. उन्हाळ्यात सॅम कोपाकबानामध्ये परत गेला. क्लाईनने टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याचा भला मोठा फलक लावला होता. या वेळी तो जिंकला. त्या कार्यक्रमाची तबकडी ऐका आणि लगेच हार्लेम स्क्वेअरची ऐका. एकच माणूस, जेमतेम दीड वर्षाचं अंतर. कोपामध्ये त्याने डिलनचं गाणं गायलं. स्वतःचं नाही.

११ डिसेंबर १९६४ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त मोटेलमध्ये तिथल्या व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने सॅम कुक गेला. वय तेहतीस. चौकशीत ज्यूरीने ती स्वसंरक्षणार्थ झालेली हत्या ठरवली, तेही काही मिनिटांत. कुटुंबाला आणि अनेक चाहत्यांना ते कधीच पटलं नाही. इतक्या प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूची इतकी झटपट चौकशी का, हा प्रश्न रास्त आहे. त्यापुढे कट, सूड असं जे सांगितलं जातं त्याला पुरावा कोणी दिलेला नाही. व्याख्यानानंतर याच प्रश्नाची चिठ्ठी दरवेळी येते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा 'शेक' हे नाचाचं गाणं तबकडीवर आलं, आणि त्याच्या मागच्या बाजूला 'अ चेंज इज गॉना कम'. पुन्हा मागची बाजू! 'शेक' पहिल्या दहांत गेलं, 'चेंज' सर्वसाधारण यादीत एकतीसपर्यंत. आज कोणतं गाणं लोकांच्या तोंडी आहे ते सांगायला नको. नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपलं मानलं, ओटिस रेडिंग, अरिथा फ्रँकलिन अशा कितीतरी जणांनी ते गायलं, स्पाइक लीने 'माल्कम एक्स' चित्रपटात माल्कम अखेरच्या सभेकडे निघतो त्या दृश्यावर तेच ठेवलं.

आणि मालकी? 'एस.ए.आर.' लवकरच बंद पडली. सॅमचा आवाज आणि हात नसताना ती चालणं शक्य नव्हतं. बार्बराने कॅग्जमधला वाटा विकला, पुढे अलेक्झांडरनेही विकला. ट्रेसी तर आधीपासून कागदावर क्लाईनचीच. काही वर्षांत हे सगळं येऊन जमलं क्लाईनच्या 'अ‍ॅबको' कंपनीत. याच क्लाईनने नंतर रोलिंग स्टोन्सचा कारभार घेतला आणि त्यांची साठच्या दशकातली गाणीही याच कंपनीकडे गेली. क्लाईन चोर होता, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण 'आरसीए'कडून सॅमचे पैसे त्यानेच काढून दिले, आणि 'चेंज' दूरदर्शनवर गायलंच पाहिजे असा हट्टही त्यानेच धरला, हेही खरं आहे. सॅमने भावाच्या, बायकोच्या आणि मुलीच्या नावाने जे जे वाचवलं, त्यातलं मुलीच्या नावाचं सगळ्यात मोठं होतं आणि तेच आधीपासून दुसऱ्याच्या खिशात होतं.

जाता जाता एक करा. 'चेंज' दोन ठिकाणांहून ऐका. एकदा १९६४ च्या मार्चमध्ये आलेल्या 'एन्ट दॅट गुड न्यूज' या मोठ्या तबकडीवरून, आणि एकदा डिसेंबरच्या छोट्या तबकडीवरून. छोटीत एक कडवं नाही. सिनेमाला आणि गावात जायला निघालेल्या माणसाला इथे थांबू नकोस असं सांगितलं जातं, ते हे कडवं. रेडिओसाठी ते कापलं गेलं. म्हणजे श्रीव्हपोर्टमध्ये त्याला दारावरून परत पाठवलं, आणि गाण्यात तेवढीच ओळ नेमकी काढून टाकली. बराच काळ रेडिओ ऐकणाऱ्यांच्या कानांवर तीच आवृत्ती पडत राहिली.